दोन उन्हाळे अनवाणी

कुंभार पिंपळगाव,
शुक्रवार

प्रिय दैवा,

मागच्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी सकाळी तुला जालन्याच्या त्या शाळेच्या फाटकात सोडलं आणि मी समोर रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. बाकीचे आईबाप लिंबाच्या सावलीला गेले. मी मुद्दाम उन्हात थांबलो. वाटलं, तू खिडकीतून बघशील, बाप उभा दिसेल, तुला जोर येईल. संध्याकाळी तू बाहेर आलीस आणि पेपर कसा गेला ते सांगायच्या आधी माझ्या पायांकडे बघितलंस. ते माझ्या ध्यानात राहिलं, पण त्याचा अर्थ मला वर्षभर लागला नाही.

हे फोनवर बोलता येत नाही. लातूरला तुमच्या क्लासच्या होस्टेलची बाई रविवारी दहा मिनिटं फोन देते, त्यातली पाच तुझी आई जेवणाचं विचारण्यात घालवते. म्हणून लिहायला बसलो. शाळा सुटल्यापासून एवढं लांब पत्र मी कोणाला लिहिलेलं नाही.

तू सहा वर्षांची असशील. मी शेतातून आलो की तू सेफ्टी पिन घेऊन दारात तयारच असायचीस. बाभळीचा काटा नाहीतर पऱ्हाटीची काडी माझ्या पायात निघायचीच. माझा पाय मांडीवर घेऊन, जिभेचं टोक बाहेर काढून तू काटा काढायचीस, वर हळद दाबायचीस आणि म्हणायचीस, "अण्णा, उद्या परत दाखवायला या." तुझी आजी पदरात तोंड लपवून हसायची. "डाक्टरीणबाई, फी किती झाली वं?" तेव्हापासून घरात आणि मग सगळ्या गल्लीत तुझं तेच नाव पडलं. लाडाचं नाव होतं. पुढं ते तुला किती जड होईल, हे आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही.

पहिल्या वेळी ऐन एप्रिलात तुला टायफॉइड झाला, तरी तू परीक्षेला बसलीस. सातशे वीसपैकी तीनशे अठ्ठ्याऐंशी मार्क पडले. निकालाच्या दिवशी तू भिंतीकडे तोंड करून पडलेली होतीस. मला ते बघवेना, म्हणून मी अंबडला गेलो. मत्स्योदरी देवीपुढं हात जोडून बोललो, लेकीला सरकारी कॉलेज मिळेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. चपला तिथंच टेकडीच्या पायथ्याशी सोडल्या आणि घरी येऊन तुला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तू "कशाला, अण्णा" एवढंच म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पुस्तक घेऊन बसलीस. मला वाटलं, नवस लागू पडला.

गाव काय गप्प बसतं का? स्टँडवरचा रामराव चहा गाळता गाळता ओरडायचा, "अंगदराव, पोरीचा नंबर लागो न लागो, तुमच्या चपलंचा खर्चा मातर बराबर वाचून राह्यला!" सगळे हसायचे, मीही हसायचो. खरं सांगू का दैवा, मला ते आवडायचं. लोक माझे पाय बघून तुझी चौकशी करायचे. तुझी परीक्षा मी पायात बांधून गावभर फिरवत होतो.

दुसऱ्या वेळी चारशे सत्त्याण्णव, तरी कमीच पडले. तू सांगितलंस, बायोलॉजीची उत्तरं भरताना एक गोल चुकला आणि पुढचे बारा-पंधरा सगळे एकेक घर खाली सरकले. लक्ष कुठं होतं, असं मी त्या दिवशी रागानं म्हणालो. उत्तराची वाट मात्र बघितली नाही.

ते उत्तर मला मागच्या आठवड्यात मिळालं. संक्रांतीला आली होतीस तेव्हा तू आईला चुलीपाशी सांगितलंस, "बाहेर डांबर उकळून राह्यलं व्हतं, आई. मला पेपरात अण्णांचे पायच दिसत व्हते. त्यांना सांगू नको, त्यांचा नवस मोडंल." तुझ्या आईनं तीन महिने ते पोटात ठेवलं. परीक्षा जवळ आली तशी तिला राहवेना. सांगून झाल्यावर ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास आम्हा दोघांनाही आला, पण कोणी उठलं नाही.

चार दिवस मी घुटमळलो. तू मला ओळखतेस, देवाला दिलेला शब्द मोडायची मला भीती वाटते. देवीचा कोप झाला तर तो माझ्यावर नाही, तुझ्यावरच यायचा, हेच डोक्यात फिरत राहिलं. मंगळवारी अंबड गाठलं. पायथ्याशी ओटीचं सामान विकणारी गोजरबाई मला ओळखते. नारळ घेता घेता तिला सगळं बोलून गेलो. म्हातारीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, सुटे पैसे देत म्हणाली, "नवस तू बोल्लास आन् फेडायला लेकराला बसवलं व्हय रं? देवीला दुसरं काम न्हाई का, तुझे पाय बघत बसायला?"

वर गेलो. देवीला म्हणालो, चूक माझी आहे, पोरीला न विचारता तिच्या नावानं बोललो, जे काय असेल ते माझ्याकडून घे. नारळ फोडला आणि खाली बाजारात उतरलो. पूर्वी मला आठ नंबरची चप्पल बसायची, आता नऊची लागते. पाय पसरलेत.

मंगळवारपासून मी चप्पल घालतो, दैवा. रामराव बोलायचं ते बोलला, मी ऐकून घेतलं. या खेपेला सेंटरवर तुझी आई येईल आणि ती सावलीत बसेल, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. मी घरीच थांबणार. नंबर लागला तर आनंदच आहे. नाही लागला तर घरी ये. परत बसायचं की दुसरं काही करायचं, ते तू ठरव, त्यात मी देवीला घालणार नाही. सवय मोडल्यामुळं अंगठ्याला फोड आलाय. त्याचं माझं मी बघतो. तू तुझा पेपर बघ.

तुझाच,
अण्णा