गाडी माझी, नाव गफूरचं

४ फेब्रुवारी १९३८, शुक्रवार

आज सकाळी वाशीमच्या अड्ड्यावर उभा होतो. रिसोडची मोटार भरत होती. एक म्हातारा लुगड्यांचं गाठोडं घेऊन आला आणि मलाच विचारतो, "हे गफूरची गाडी हाय का?" मी वर पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर आमच्या वडिलांचं नाव आहे, हातभर अक्षरात, पिवळ्या रंगात. म्हातारा म्हणाला, "वाचता नाही येत बाबू. गफूरची असन तर बसतो."

बसला.

तीन वर्षं झाली मोटार सर्व्हिस काढून. कापडाचं दुकान भावाच्या हवाली करून मी यात पडलो. पेट्रोल आणायला मी, परवान्यासाठी अकोल्याला खेटे घालायला मी. गफूर नुसता हांडल धरतो. पण वाटेवरच्या रिठदला लग्न असलं की वऱ्हाडाचा निरोप येतो तो "गफूरभाईले पाठवा" असा. मोटार पाठवा असा नाही.

पुढे ग. एवढंच लिहीन. तेवढीच शाई वाचेल.

९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी ग. घरी आला. ओसरीवर दुकानातली दोन माणसं आणि शेजारचे काका बसलेले. त्यांच्यादेखत म्हणाला, "शेटजी, ब्रेक नरम झाला. पाय ठेवला का खाली बसते. दोन दिवस गाडी उभी करा, अकोल्याहून सामान आनू." आणि काकांकडे पाहून, "उताराचा रस्ता हाय, जोखीम नाही घ्याची."

काका लगेच म्हणाले, खरं आहे, गफूर म्हणतो तर उभी करा.

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात पाहू. लग्नसराई आहे, लोकांना शब्द दिलेला आहे.

लग्नसराई खरीच आहे. पण ग. सगळ्यांदेखत बोलला नसता, मला एकट्याला गाठून बोलला असता तर... जाऊ दे. हुकूम दिल्यासारखं बोलला. गाडी कोणाची हे काकांना तरी कळायला पाहिजे होतं.

तो गेला. जाताना आमच्या धाकटीच्या हातावर फुटाणे ठेवून गेला. ती दिवसभर गफूरकाका गफूरकाका करत होती.

१३ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

रिठदच्या अलीकडे नाल्याकडे जो उतार आहे तिथं ब्रेक गेला. आत बावीस माणसं. पुढे नाल्यात बैलगाड्या उतरलेल्या. ग.ने मोटार रस्त्यावरून काढून डावीकडच्या पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत घातली. पऱ्हाट्या मोडत मोडत गेली आणि बांधाला टेकून कलती झाली. माणसं सगळी जिवंत. रिठदच्या कासाबाई नावाच्या भाजीवालीचा हात मोडला. बाकी खरचटणं, मुका मार. ग.चं कपाळ हांडलावर आपटून फुटलं. तशाच रक्तात त्याने एकेकाला बाहेर काढलं, कासाबाईंचा हात फळीला बांधून दिला, मग बसला म्हणे.

मी टांगा करून पोचलो तेव्हा गाव लोटलं होतं. तो खाटेवर. कोणी दूध आणलं होतं, कोणी हळद. एक बाई त्याच्यावरून मीठ ओवाळत होती. मी मोटारीभोवती फिरून पाहत होतो तर एक जण म्हणाला, "हात नका लावू भाऊ. तुमी कोन?"

मी मालक आहे म्हणालो. त्याने बरं म्हटलं आणि खाटेकडे वळला.

बावीस माणसं वाचली याचा आनंद व्हायला पाहिजे. झालाही. पण सगळ्यात आधी मनात काय आलं ते इथे लिहिलं नाही तर ही वही ठेवण्यात अर्थ नाही. मनात आलं, आता तर याला देवच करतील.

१४ फेब्रुवारी, सोमवार

फौजदार आले होते. माणूस सभ्य. चहा घेतला. म्हणाले, वर कळवावं लागेल. ड्रायव्हरची चूक निघाली तर तुमचा परवाना राहील, दुसरा ड्रायव्हर ठेवा म्हणतील. मोटारीत खोट होती असं निघालं तर मात्र परवाना जाईल. "विचार करून जबानी द्या, हिराशेट."

विचार करतो म्हणालो.

संध्याकाळी अड्ड्यावरच्या हॉटेलात बसलो होतो. तिथला एक जण म्हणाला, शनिवारी दर्ग्यावर कव्वाली होती, गफूर जागला असेल, डोळा लागला असेल. माझ्याकडे सगळे पाहू लागले.

मी म्हणालो, "असेलही."

एवढंच.

१६ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या एका शब्दाला पाय फुटले. काल म्हणत होते झोपला होता, आज म्हणतात प्यायला होता. ग. पानसुद्धा खात नाही.

मला वाटलं होतं त्याचं नाव उतरलं की सर्व्हिसचं नाव राहील. उलटंच झालं. मालेगावच्या रस्त्यावरची आमची दुसरी मोटार आज अर्धी रिकामी गेली. तिच्यावर ग. नाही, दुसराच ड्रायव्हर आहे. लोक म्हणतात, गफूरसारखा माणूस पिऊन चालवते तर बाकीच्याइचं काय सांगावं. एक मास्तर तर बायकोला घेऊन बैलांच्या दमणीत बसले, माझ्या डोळ्यांदेखत.

आणि अकोल्याच्या एका शेटने संधी साधली. रिसोडच्या रस्त्यावर त्याची नवी कोरी मोटार येणार असं ऐकतो. निळी आहे म्हणतात.

रात्री जेवताना कस्तुरीने वाढता वाढता विचारलं, ब्रेकचं फौजदाराला सांगितलं का. मी म्हटलं कसला ब्रेक. ती म्हणाली, "मी त्या दिवशी दाराआडच होती. सगळं आयकलं."

मग ताट उचलून आत गेली. एकोणीस वर्षांच्या संसारात माझं ताट तिने असं कधी उचललं नव्हतं. मला वाटतं तीही त्याच्याच बाजूची.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

ग. आला. कपाळाला पट्टी, डावा डोळा सुजलेला. बस म्हणालो तरी उभाच राहिला. वाटलं भांडेल. दर्ग्याची गोष्ट, दारूची गोष्ट, सगळं त्याच्या कानावर गेलं असणारच. मी उत्तरं तयार ठेवली होती.

तो म्हणाला, "फौजदारसाहेबानं बोलावलं होतं. मी सांगून आलो, माहाच अंदाज चुकला."

काहून, असं विचारलं मी.

"परवाना गेला तर सर्व्हिस गेली. तुमच्या वडिलाचं नाव हाय पाटीवर. मले काय, मी कुठंही गाडी चालवीन."

ब्रेकचं नाव त्याने काढलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही, दाराच्या कडीकडे पाहत होता. मग गेला.

माझं जे वाचवायचं ते मी एका वाईट शब्दाने वाचवू पाहत होतो. त्याने तेच एका चांगल्या शब्दाने वाचवलं आणि स्वतःवर घेतलं. मला समाधान वाटायला हवं होतं. मला त्याचा राग आला. असा राग मला कोणाचाच आला नव्हता. माझ्याच घरात उभं राहून, माझ्याच वडिलांचं नाव राखायचं कामही यानेच करावं का.

२० फेब्रुवारी, रविवार

सकाळी आंघोळ करून, देवळात जाऊन, थेट ठाण्यावर गेलो. जबानी दिली. नऊ तारखेला ड्रायव्हरने ब्रेकची सूचना दिली होती, गाडी उभी करा म्हणाला होता, मी ऐकलं नाही. चूक माझी. तो शुद्धीत होता आणि जागा होता, म्हणून बावीस माणसं वाचली.

फौजदारांनी टाक खाली ठेवला. पुन्हा विचार करा म्हणाले. मी म्हटलं, लिहा.

तिथून अड्ड्यावर गेलो. बाजारामुळे गर्दी होती. हॉटेलच्या बाकावर उभा राहून हेच सांगितलं. शेवटी म्हणालो, ब्रेक बदलल्याशिवाय ती मोटार रस्त्यावर येणार नाही, आणि यापुढे ड्रायव्हर नाही म्हणाला तर गाडी हलणार नाही. मग एक रिठदचा माणूस दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू आलं, "गफूरनंच सांगाले लावलं असन शेटले. लय साधा मानूस हाय तो."

घरी आल्यावर कस्तुरीला हे सांगितलं. ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा. मला हसू आलं नाही.

२७ फेब्रुवारी, रविवार

कासाबाईंना पाहून आलो. हात बांधलेला, तरी भाजी निवडत बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, खरं बोलले ते बरं केलं, आता तुमच्या मोटारीत बसू. पण विचारलंच, गफूर हायच ना?

परवान्याची चौकशी अकोल्याला मोठ्या साहेबापुढे, नऊ मार्चला. दोघांनाही बोलावलं आहे. तोवर दोन्ही मोटारी बंद.

निळी मोटार आली. काल अड्ड्यावर उभी होती. ग. तिच्याजवळ होता. बॉनेट उघडून आत वाकून पाहत होता, शेजारी अकोल्याच्या शेटचा मुनीम. ग. काहीतरी बोलला आणि दोघं हसले. मी दुकानाच्या पायरीवरून पाहत होतो. आपलं माणूस दुसऱ्याच्या घरात जेवताना दिसावं तसं वाटलं. पूर्वी लोक त्याचं नाव घ्यायचे तेव्हा जळत होतो. आता त्याने दुसऱ्याच्या मोटारीला हात लावला तरी जळतो. काय पाहिजे आहे मला नक्की?

५ मार्च, शनिवार

ग.च्या घरी गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. दोन खोल्या, अंगण सारवलेलं. त्याच्या आईने चटई टाकली आणि पाणी पुढे केलं. मी प्यालो. ती थोडी चपापली, मीही.

अकोल्याचे शेट जास्त देतात म्हणे, मी विचारलं. तो म्हणाला, हो. जाणार का विचारलं. पट्टी काढलेल्या कपाळावरून हात फिरवत बसला.

मग म्हणाला, "शेटजी, त्या दिवशी आयकलं काहून नाही?"

लग्नसराई, असं तोंडात आलं होतं. गिळलं. म्हटलं, "लोकं तुझं आयकतात, म्हणून."

त्याला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने मान खाली घातली. लाज माझी, मान त्याची खाली. जाणार का याचं उत्तर राहूनच गेलं.

८ मार्च, मंगळवार

उद्या सकाळच्या टपालाच्या मोटारीने अकोला. गफूरला निरोप धाडला होता, बरोबर जाऊ. तो हो म्हणाला.

साहेब विचारतील, परवाना ठेवला तर गाडी चालवणार कोण. मी गफूरचं नाव सांगणार. त्याला न विचारता सांगणार, दुसरं नाव माझ्याकडे नाही.

मुनीम आज इथून अकोल्याला परत गेला. जाताना अड्ड्यावर सांगून गेला की उद्या अकोल्याच्या अड्ड्यावर गफूरसाठी शेटजींची निळी मोटार उभी राहील. मला ऐकू यावं म्हणूनच मोठ्याने बोलला.

मी तिथं टांगा सांगायचा म्हणतो. अड्ड्याबाहेर दोन्ही उभे असतील. तो कशात बसतो, तेच त्याचं उत्तर.