चार नंबर

२ जुलै
मोटेल पुन्हा उभं राहिलं की लोक इतिहास विचारणारच. म्हणून आत्तापासून लिहून ठेवतोय. बाबांनी हे बांधलं तेव्हा हायवे दारावरून जायचा. संध्याकाळीच सगळ्या खोल्या भरायच्या. बायपास झाला आणि धंदा बसला. पण हल्ली लोकांना जुनंच हवंय. संकल्प: सगळं मूळ होतं तसंच.

९ जुलै
चार नंबर तयार. गोल आरसा, गुलाबी टाइल्स, पलंगाला पॉलिश. बायको म्हणाली, बाबांना इथे आणू या, त्यांची एक नंबर गळतेय. मी समजावलं, ही सॅम्पल रूम आहे. शिवाय बाबांचा जीव एक नंबरमध्येच अडकलाय. विचारायची गरज नाही, मला कळतं.

१८ जुलै
छपराचं काम लांबलं. मिस्त्री पत्र्यावर अडून बसलाय. मला जुनी हिरवी कौलंच हवीत. ती मिळेपर्यंत एक नंबरमध्ये बादली. प्लॅस्टिकची काढून पितळी ठेवली. खोलीला शोभते. बायकोने कपाळाला हात लावला.

२१ जुलै
बाबांनी स्वतःच विचारलं, चार नंबर रिकामी आहे का. थेट नाही म्हणवेना. बुकिंग आहे म्हटलं. (येईलच. म्हणजे तसं खोटं नाही.)
"मग राहू दे," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक आधी."
याला म्हणतात धंदेवाला माणूस. ऊर भरून आला.

३० जुलै
बाबांचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणतात, ओल बाधतेय. ताई फोनवर वाट्टेल ते बोलली. लांब राहून बोलायला काय जातंय? तरी ठरवलं: सोमवारी बाबांना चार नंबरमध्ये हलवायचं. म्हणजे हलवायचंच.

३ ऑगस्ट, सोमवार
पलंगावर पॉलिशचा आणखी एक हात मारला. त्या वासाने खोकला वाढेल. बाबांच्या भल्यासाठीच थांबलो. पुढच्या सोमवारी नक्की.

६ ऑगस्ट
बाबांना दवाखान्यात ठेवलं. ताई आली, माझ्याशी बोलली नाही. एक बरं झालं, एक नंबर मोकळी मिळाली. मिस्त्रीला लगेच छप्पर उतरवायला सांगितलं. बाबा परत येऊन बघतील तेव्हा थक्क होतील.

९ ऑगस्ट
बाबा पहाटे गेले.
ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, कुठे ठेवायचं. एक नंबरला छप्पर नाही. मला काही सुचेना, नुसतं रडू येत होतं. बायकोने हात पुढे केला. चार नंबरची किल्ली माझ्याच खिशात होती.