अडतीस अंश, सर्वत्र सारखे

शनिवार, ४ मार्च
दुपारी सव्वाबारा. पोपटवाल्याचा फ्रिज दुरुस्त केला. (पोपटवाला म्हणजे आमच्याच रांगेतला पाळीव प्राण्यांचा दुकानदार. त्याने आजवर एकही पोपट विकलेला नाही. दारावर रंगवलाय तेवढाच. वही खाजगी आहे, पण स्पष्ट लिहायची मला सवय आहे.) दोष: थर्मोस्टॅट. लागलेला वेळ: अकरा मिनिटं. कोणत्याही कॉलेजचं तोंड न पाहता.

परत निघताना काचेच्या एका पेटीकडे लक्ष गेलं. आत सहा सरडे. पाटीवर 'बिअर्डेड ड्रॅगन, हाताळायला सोपे'. गळ्याशी काटेरी दाढी, चेहऱ्यावर पेन्शन अडकल्यासारखा भाव. पेटी एकाला पुरेल एवढी. खाली बारीक वाळू, ती त्यांच्या तोंडात जाते. एकाच्या शेपटीचं टोक दुसऱ्याने खाल्लेलं. चार जण एका दिव्याखाली एकावर एक रचलेले.

खिशातून लेझर तापमापक काढला. डावं टोक ४१. उजवं टोक २६.

पंधरा अंशांचा फरक! एकाच खोलीत! माझ्या हातून असा ओव्हन गेला असता तर मी दुकानाला कुलूप घातलं असतं.

रविवार, ५ मार्च
झोप लागली नाही. 'दाढीवाला सरडा कल्याण समिती' स्थापन केली. अध्यक्ष: मी. सचिव: मी. बायकोला सदस्यत्व देऊ केलं. ती पडदे शिवते, तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे काही म्हणाली नाही. हे मी संमती धरतो.

रबरी शिक्का करायला टाकला. गोल.

दिवसभर वाचन. लेकीने मोबाइलवर एक पान दाखवलं. म्हणाली, बाबा, इथे लिहिलंय की एक बाजू गरम आणि एक गार ठेवायची. तिला समजावलं की ही दुकानदारांनी काढलेली पळवाट आहे. ज्याला तापमान स्थिर ठेवता येत नाही तो म्हणतो, अस्थिरच चांगलं. ती म्हणाली, बाबा, हे प्राण्यांच्या डॉक्टरांनी लिहिलंय. मी म्हटलं, डॉक्टरांनी कधी थर्मोस्टॅट उघडलाय?
गप्प बसली. पटलं असावं.

मंगळवार, ७ मार्च
पोपटवाल्याला लेखी नोटीस दिली. एकूण दोष एकोणीस. त्याने ती शांतपणे वाचली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाला, साहेब, तुम्हाला एवढं कळतं तर तो शेपटीतुटका न्या घरी. पंधरा दिवस ठेवा. वजन वाढलं तर माझ्या सगळ्या पेट्या तुमच्या नकाशाप्रमाणे बदलतो. घटलं तर पुन्हा ते पिस्तूल घेऊन माझ्या दुकानात यायचं नाही.

पिस्तूल नाही, तापमापक, हे मी नोंदवून घ्यायला लावलं. पैज मान्य. पंच म्हणून चौकातल्या प्राण्यांच्या डॉक्टरबाई. मागे राहिलेल्या पाच जीवांचं भवितव्य आता माझ्या हाती आहे. जबाबदारी मोठी, पण योग्य माणसावर पडली.

सुरुवातीचं वजन ११२ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर. काटा धुतल्याशिवाय परत करायचा नाही अशी बायकोची अट.

बुधवार, ८ मार्च
पेटी तयार. वाळू नाही, जुनी फरशी. अतिनील किरणांची खास नळी. चार कोपऱ्यांत चार हीटर, दोन छोटे पंखे, पाच ठिकाणी तापमापक. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पाचही आकडे एक झाले.

३८.०. सर्वत्र.

असं काम याआधी कोणी केलं असेल असं वाटत नाही. डोळ्यांत पाणी आलं. (हीटरच्या धगीनेही असेल.) गुहा वगैरे ठेवली नाही. लपणं हे भीतीचं लक्षण आहे. माझ्याकडे भीतीच नाही तर गुहा कशाला?

बायको येऊन बघून गेली. दोन्ही हात पुढे टेकून, मान वर करून सरडा बसला होता. म्हणाली, अगदी आपले दाजी! तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा लग्नकार्यात असाच बसतो, कोणी ताट आणून देईल म्हणून. नाव पडलं. मी 'नमुना क्रमांक एक' ठरवलं होतं.

गुरुवार, ९ मार्च
दाजी दिवसभर तोंड उघडं ठेवून बसतात. हसतात. दुकानात कधी हसले नव्हते.
वजन १०९. प्रवासाचा शीण.

शनिवार, ११ मार्च
व्यायाम सुरू! दाजी काचेवर उभे राहून पुढचे पाय सतत चालवतात. सलग चाळीस मिनिटं. मला या वयात पाच मिनिटं जमत नाही. दाढीही भरतेय: काल करडी होती, आज काळीभोर. तारुण्य. सर्व नोंदी वेळेसकट तक्त्यात घातल्या.

खाणं: शून्य. व्यायाम करणारे सुरुवातीला कमीच खातात.
वजन १०६. काट्यात दोष दिसतो.

रविवार, १२ मार्च
काटा उघडून पुन्हा जुळवला. वजन १०५. म्हणजे काटा आधी चुकीचाच दाखवत होता, माझ्या फायद्याचा. प्रामाणिकपणा नडतो तो असा.

दाजींना आणलेल्या डब्यातून रातकिडे पळाले. अंदाजे तीस. बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. बहीण म्हणाली म्हणे, बागेत बसलीस का गं? बायको म्हणाली, नाही, संसारात.

सोमवार, १३ मार्च
सकाळी फ्रिजमधून बारीक किरकिर. कॉम्प्रेसरच्या बेअरिंगचा आवाज, हे मी दुसऱ्या खोलीतून ओळखलं. मागचा पत्रा काढला, सगळं खोललं, साडेतीन तास. दूध नासलं. बेअरिंगवर रातकिडा बसला होता.
निदान जागेच्या बाबतीत अचूक.

बायको आज प्रथमच स्पष्ट बोलली. म्हणाली, त्या दाजींना जरा बाहेर काढा, जीव घाबराघुबरा झालाय त्यांचा. तिला पाचही आकडे दाखवले. ३८.०, ३८.०, ३८.०, ३८.१ (तपासतोय), ३८.०. म्हणाली, आकड्यांना बरं वाटतंय हो, पण दाजींचं काय?
भावनिक बाई आहे. टाचण्या परत तोंडात घातल्या आणि कामाला लागली.

बुधवार, १५ मार्च
दुकानातून परत आलो तर दाजी शांत! तोंड बंद. दाढी करडी. वजन १०८!!
पद्धत लागू पडली. मला शंका नव्हतीच.

शुक्रवार, १७ मार्च
वजन ११३. काय ही चढण! आलेख भिंतीवर लावला. दुकानावर पाटीही लावून टाकली: 'आदर्श सरडा-निवास. मार्गदर्शन मिळेल.' पोपटवाला पाटी वाचून नमस्कार करून गेला. घाबरला.

किरकोळ निरीक्षणं:
दाजींच्या उजव्या मागच्या पायाला निळा दोरा. कुठून आला, तपास सुरू.
तापमापकाच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत पेटीचं तापमान रोज अकराच्या सुमारास अचानक घसरतं आणि चार वाजता परत, कोणी झाकण उघडावं तसं. विजेचा दाब कमीजास्त होत असणार. वीज मंडळाला पत्र.
बाल्कनीतल्या बायकोच्या शिलाईच्या टेबलावर पालेभाजीचे बारीक तुकडे. हल्ली ती जेवण तिथेच घेते वाटतं. काम वाढलंय बिचारीचं.

रविवार, १९ मार्च
वजन ११९. लेकीला विचारलं, आता काय म्हणतं तुझं ते पान? ती आईकडे बघून हसायला लागली. हसणं थांबेना. आई म्हणाली, गप गं, तोंडात टाचण्या आहेत माझ्या. दोघींना माझ्या यशाचा आनंद झालेला दिसतो. घरातलं वातावरण इतकं प्रसन्न कित्येक वर्षांत नव्हतं.

आज सुट्टी असल्याने दिवसभर पेटीसमोर खुर्ची टाकून बसलो. दाजींनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा काचेवर व्यायाम. मी असलो की त्यांना उत्साह येतो. दुपारी तीनदा बायको म्हणाली, जा, केस कापून या. मला आता कापण्याइतके केस नाहीत हे तिला माहीत आहे.
शेवटी तिने मला कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे स्क्रू आणायला पाठवलं. तास गेला. आलो तर दाजी शांत.

मंगळवार, २१ मार्च
उद्या निकाल. भाषण तयार. सुरुवात: 'मित्रहो, उष्णता म्हणजे शिस्त.' पोपटवाल्याच्या पाच सरड्यांसाठी पाच पेट्यांचे नकाशे शाईने काढले. प्रत्येकी चार हीटर. ३८.०. शिक्काही आला, पाच ठिकाणी मारून पाहिला.

बुधवार, २२ मार्च
सायंकाळी पाच. जमेल तेवढं व्यवस्थित लिहितो.

डॉक्टरबाई आल्या, पोपटवाला आला. दाजी काट्यावर. १२४ ग्रॅम. पोपटवाल्याने दिलदारपणे हात जोडले. म्हणाला, हरलो साहेब. आणा तो नकाशा. उद्यापासून पाचही सरडे तुमच्या पद्धतीत.
मी भाषण काढलं. 'मित्रहो' झालं.

तेवढ्यात दारात बायको. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून तळहातावर ठेवल्या. पाच होत्या. आणि म्हणाली, नको. अहो, पाच जीव मरतील.

मग म्हणाली, मी बोलणार नव्हते, यांचा एवढा हुरूप होता. पण ते वजन पेटीत नाही वाढलं, माझ्या टेबलावर वाढलंय. मंगळवारपासून, म्हणजे गेल्या मंगळवारपासून, हे दुकानात गेले की दाजी बाल्कनीत. टेबलाच्या एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला पडद्यांच्या कापडाची सावली. तापले की सावलीत जातात, गारठले की उन्हात येतात. स्वतःच. मला फक्त पाला चिरावा लागतो आणि रातकिडे धरावे लागतात. रातकिडे काय, घरभर आहेत.

डॉक्टरबाईंनी पेटीत हात घातला आणि लगेच काढला. माझा तक्ता मागितला. मी तोही अभिमानाने दिला. त्यांनी मोठ्याने वाचलं. तोंड उघडं, सकाळी नऊ ते सहा: अंग तापलंय. काचेवर चढणं, चाळीस मिनिटं: बाहेर पडायची धडपड. दाढी काळी: त्रास. म्हणाल्या, याला अंगातली उष्णता आतून राखता येत नाही हो. जागा बदलून राखतो. तुम्ही बदलायला जागाच ठेवली नाहीत. चारही खोल्यांत शेगड्या पेटवून बाहेरून कडी लावल्यासारखं आहे हे. नोंदी मात्र सुंदर ठेवल्यात. जीव गुदमरल्याचा इतका टापटीप हिशेब मी पाहिला नव्हता.

लेक हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

पोपटवाल्याने विचारलं, म्हणजे माझं ४१ आणि २६ बरोबर होतं? डॉक्टरबाई म्हणाल्या, तेवढं एकच बरोबर होतं. वाळू, गर्दी, ती नळी नसणं वगैरे या साहेबांच्या बाकीच्या अठरा तक्रारी खऱ्या आहेत. पोपटवाल्याने मान खाली घातली. मीही घातली. दोघांची एकदमच खाली गेली.

गुरुवार, २३ मार्च
काल डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या, अठरा खऱ्या. एकोणिसांपैकी अठरा म्हणजे शेकडा चौऱ्याण्णव पूर्णांक सात. कॉलेजात याला काय म्हणतात मला माहीत नाही.

पेटीचे चार हीटर काढले. दुपारी पेटीजवळ जाऊन दाजींना म्हटलं, चूक झाली. आधी दार लावून घेतलं होतं.

शनिवार, २५ मार्च
पोपटवाला आला. वजन वाढलं तर वाढलं, शब्द तो शब्द, म्हणाला. वाळू काढतोय, प्रत्येकाला वेगळी पेटी, वरून ती नळी. नकाशा मात्र वहिनींचा. बायकोने तो शिलाईच्या खडूने कापडावर काढून दिला: इकडे ऊन, इकडे सावली, मध्ये चालायला जागा. मापं तिने टेपने घेतली. तपासून पाहिली. बरोबर आहेत. दोन्ही टोकांचे थर्मोस्टॅट बसवण्याचं काम मला मिळालं. शेपटीतुटके दाजी त्याने आमच्याकडेच ठेवायला सांगितले. नाही तरी ते आता टेबल सोडत नाहीत.

समितीची फेररचना केली. अध्यक्ष: सौ. तिला अध्यक्ष करायचं माझ्या पहिल्यापासून मनात होतं. कापडाच्या नकाशावर शिक्का मारला. धुतला की जाईल म्हणाली.

रविवार, २६ मार्च
दुपारी अडीच. बाल्कनीत मला बसायची परवानगी मिळाली. अटी: तापमापक हातात नको, पेटीविषयी बोलायचं नाही, सावलीच्या टोकाला स्टुलावर बसायचं आणि हलायचं नाही.

दाजी उन्हात पसरले होते. थोड्या वेळाने उठले, टेबलावरून चालत आले, खांद्यावर चढले आणि माझ्या टकलावर जाऊन बसले. अक्षरशः गहिवरून आलं. एवढं होऊनही या जिवाच्या मनात राग नाही! क्षमा! कृतज्ञता! हे सगळं बायकोला मोठ्याने सांगितलं.

मशीन न थांबवता ती म्हणाली, सावली कमी पडत होती. तुमचं डोकं गार आहे, बसा तसेच.

लेकीकरवी तापमापक मागवला, अट मोडून. गरम टोक ४१. गार टोक २७. माझं डोकं ३३.४.

चार वाजेपर्यंत हललो नाही.