वाशीम ते रिठद, उभ्यानं

१० नोव्हेंबर, सोमवार

आजही उभीच. पाऊण तास.

नऊ चाळीसची एसटी धड थांबतही नाही, तोच खिडक्यांतून दस्त्या, टोप्या, डबे आत पडायला लागतात. ज्याची दस्ती त्याची जागा — हा इथला कायदा. मग तो बाप्या दाराशी दहा बायकांना रेटून चढतो आणि सावकाश आपल्या दस्तीवर जाऊन बसतो, जणू काही सातबारा त्याच्या नावावर आहे. मला हे कधी जमलं नाही. शाळेच्या मॅडमनं खिडकीतून रुमाल फेकायचा का? — अशी माझी मिजास. भोगते आहे.

मराठीत लिहिते आहे, कारण अम्मींना, म्हणजे माझ्या सासूला, उर्दू वाचता येतं, मराठी नाही. रिठदच्या शाळेत मराठी शिकवण्याचा एवढा तरी फायदा! तर लिहूनच टाकते. बारावा आठवडा चालू आहे. डॉक्टरीणबाई सोडल्या तर मी, माझा नवरा तय्यब आणि अम्मी, एवढ्यांनाच माहीत. पाच महिने पुरे होईपर्यंत चौथ्याला कळता कामा नये, अशी अम्मींनी माझ्याकडून शपथ घेतली आहे. मागच्या वर्षी मी दुसऱ्याच महिन्यात मोहल्लाभर पेढे वाटले होते. तिसऱ्यात ते गेलं. अम्मी म्हणाल्या, नजर लगी. तेव्हा मी वाद घातला होता. या वेळी घातला नाही. शिकलेल्या माणसालाही भीती वाटते.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जास्त वेळ उभं राहू नका, आणि मोटरसायकल बंद. म्हणजे तय्यबनं सोडणं बंद. राहिली बस. तिथे जागा मागायची तर कारण सांगावं लागतं, आणि कारण तर सांगायचं नाही. रजेच्या अर्जातही कारण लिहावंच लागतं. आमचे हेडमास्तर अर्ज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात.

इकडे आड, तिकडे विहीर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज जागा मिळाली होती! स्टँडवर अर्धा तास आधी जाऊन बसले होते, म्हणून.

दोन-तीन थांबे झाले आणि एक बाई चढली. आठवा महिना तरी असेल. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं कंबर धरलेली. कंडक्टरनं आजूबाजूला पाहिलं. बाप्यांपैकी कुणी मोबाईलमध्ये, कुणी खिडकीबाहेर तूर बघतोय. एकाला तर तेवढ्यात झोप लागली. मग कंडक्टरची नजर माझ्यावर आली.

"मॅडम, तुमी उठा ना जरासं. बाई अवघडलेली हाय."

उठले. उठायलाच हवं होतं. पण राग इतका आला की कानशिलं तापली. पुढच्या तीन ओळी बाप्यांच्या, त्या सोडून मीच का दिसले? आणि खरं लिहायचं तर त्या बाईचाही राग आला. तिचं पोट दिसतं म्हणून. माझ्या बुरख्याआड काय आहे ते कुणाला कळणार! ती बिचारी तीनदा म्हणाली, "ताई, तुमाले तरास झाला." मी उत्तरही दिलं नाही. आज माझ्याइतकं उद्धट त्या गाडीत कुणीच नव्हतं.

२० नोव्हेंबर

कंबर फार दुखते. शाळेत खुर्चीवर बसून शिकवलं. पोरांना नवल वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगून बसले. शपथ मोडली.

तुळसाबाई म्हणून एक म्हातारी रोज याच गाडीला असते. वाशीमला मुलाकडे राहते आणि भाकरी बांधून रोज रिठदच्या शेतावर जाते. सगळ्यांच्या आधी चढते आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवते, लवकर उचलत नाही. मनातल्या मनात मी तिला किती शिव्या दिल्या असतील! आज तिनं माझं मनगट धरून ओढलं, पिशवी मांडीवर घेतली आणि मला बसवलं. मग कानाशी येऊन विचारलं, "कितवा?"

मी म्हटलं, काय कितवा?

"परवा तुले उठवलं तवा गाडी आदळली. सारे दांडी धरतात, तू पोट धरलं. मी पाह्यलं ना."

नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "तिसरा संपत आला." माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "भेऊ नको. या कानाचं त्या कानाले होनार नाही. उद्यापासून हे जागा तुही."

घरी कळलं तर? अम्मी ओरडणार नाहीत. नुसत्या बघतील. ते जास्त वाईट.

२८ नोव्हेंबर

आठवडाभर बसून गेले. आज एक बाप्या अडून बसला. "आजी, जागा काय तुमच्या बापाची हाय?"

"माह्या लेकीची हाय," तुळसाबाई.

त्यानं तिच्या लुगड्याकडे पाहिलं, माझ्या बुरख्याकडे पाहिलं. "लेकीची?"

"हो. काहून? सोयरीक जुळवाची हाय का तुले?"

सगळी गाडी हसली. मीही, पुष्कळ दिवसांनी. तो बाप्या मुकाट्यानं मागे गेला.

अम्मींना अजून काही सांगितलेलं नाही. त्या रोज संध्याकाळी माझ्यावरून मीठ-मिरची उतरवतात, तेव्हा मी डोळे मिटून घेते.

५ डिसेंबर

पंधरा आठवडे. तय्यबनं नाव ठरवलं आहे. इथेसुद्धा लिहीत नाही.

१३ डिसेंबर

गेलं.

१६ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं — उभं राहिल्यानं नाही, आणि कुणाला सांगितल्यानं तर नाहीच नाही. ठोके आपोआप थांबले. असं होतं. हे मला समजतं. समजूनही मन त्या शुक्रवारच्या गाडीत जाऊन बसतं. का बोलले?

आज अम्मींना सांगून टाकलं, की मी बसमध्ये एका बाईला सांगितलं होतं. त्या माझे पाय दाबत होत्या. वाटलं, आता हात काढून घेतील. काढला नाही.

"तय्यब से पहले मेरे दो गए," म्हणाल्या. "किसी को नहीं बोली थी. फिर भी गए."

मला हे माहीत नव्हतं. तय्यबलाही नाही. पुष्कळ वेळ त्या पाय दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोली नहीं थी, तो पास बैठने को भी कोई नहीं आया."

मी उठून त्यांच्या गळ्यात पडले. पहिल्यांदाच मोठ्यानं रडले. त्याही रडल्या. कुणाकुणासाठी ते विचारलं नाही.

५ जानेवारी, सोमवार

आजपासून शाळा. नऊ चाळीसची गाडी गच्च भरलेली. तुळसाबाईनं लांबूनच हाक मारली, "कुठं व्हती येवढे दिवस? ये, बस. दोन जिवाची तू."

मी दांडी धरून उभीच राहिले. म्हणाले, "आता एकटीच आहे. दुसऱ्या कुणाला द्या जागा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मंग तं बसच."