साहेबांच्या पोरीसाठी चानकी

मुरबाड,
घटस्थापनेच्या आधीचा रविवार

चि. दिपेश यास,

कमळाकरमामाचे मुरबाडहून आशीर्वाद. तुझी पाठ, सौ. नेहाचं पित्त आणि चि. कुणालीचे पुढचे दात यांची खुशाली विचारायची होती. पण विचारल्यावर तुझ्याकडून पिवळं हसरं तोंड येतं आणि त्यावरून यांपैकी नक्की कशाला आराम पडला ते कळत नाही. इकडे तुझ्या मामीचे गुडघे मामीच्या ताब्यात नाहीत, बाकी सर्व तिच्या ताब्यात आहे. मी शाळेत रामाची सर्व रूपं मुलांकडून चालवून घेतो आणि संध्याकाळी स्वतः चालतो. पत्र लिहून त्याचे फोटो पाठवतो आहे, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘ओके मामा’ म्हणतोस आणि विषय तिथेच समाप्त होतो.

तू सोपवलेलं कार्य गंभीर होतं. दसऱ्याच्या सुट्टीत तू, नेहा, कुणाली आणि नेहाचे आईवडील असे सर्वजण उंबरमाळीच्या पुढच्या धबधब्यावर येणार. धबधब्याजवळ बंगला भाड्याने घ्यायचा. कमोड हवाच, कारण गणपतीत गावच्या घरी आलात तेव्हा कुणालीची पंचाईत झाली आणि आरतीनंतर मोदकही न खाता तुम्हाला ठाणं गाठावं लागलं. आणि यातलं काहीही ताईला, म्हणजे तुझ्या आईला, कळता कामा नये. धबधबा ताईच्या अंगणातून ऐकू येतो हे तुझ्या लक्षात असेलच. मुलगा-सून-नात आवाजाच्या टप्प्यात येऊन दुसऱ्याच्या घरी झोपणार, आणि हे तिला लागू नये, एवढी जबाबदारी तू माझ्यावर टाकलीस. शेवटचं कलम वाचून मी हेल्मेट घातलं आणि मग थोडा वेळ तसाच ओट्यावर बसून राहिलो.

तू पाठवलेल्या जाहिराती म्हणजे शब्दप्रमाण. शब्दावर माझी श्रद्धा आहे (पगारच त्याचा मिळतो), तरी प्रत्यक्षही पाहावं म्हणून स्कूटरने शहापूरमार्गे निघालो. पहिला बंगला ‘रिव्हर टच’. जाहिरातीत अतिशयोक्ती असते असा माझा समज होता, तो येथे खोटा ठरला. नदी खरोखरच बंगल्याला स्पर्श करते. जुलैत तिने हॉलपर्यंत येऊन सोफ्यालाही स्पर्श केल्याची खूण भिंतीवर माझ्या कमरेइतकी उंच दिसते. राखणदार बुधू प्रामाणिक माणूस. धबधबा कुठून दिसतो विचारलं, तर म्हणाला, “दिसतो ना गुरुजी, त्या समोरच्या बंगल्यावरना दिसतो.” समोरच्या बंगल्यात गेलो तर तिथल्या गच्चीतून हा बंगला फार सुरेख दिसत होता. धबधब्याच्या आड कोणीतरी तिसरा बांधला आहे.

दुसरं ठिकाण काचेचं. चारी भिंती काचेच्या, न्हाणीघरसुद्धा, म्हणे निसर्गाशी एकरूप होता यावं. मी आत उभा होतो तेव्हा गवताचा भारा डोक्यावर घेऊन गावातला गोजर चालला होता, तो थांबला. त्याच्यामागून म्हशी आल्या, त्याही थांबल्या. त्यांतली एक माझ्याकडे फार विचारपूर्वक पाहत होती. द्रष्टा कोण आणि दृश्य कोण हा प्रश्न वर्गात सोडवणं सोपं असतं. टॉवेल गुंडाळलेले तुझे सासरे डोळ्यांपुढे आणले आणि निघालो. शिवाय गोजरने विचारलंच, “गुरुजी, कोनासाठी बघताव?” “ठाण्याच्या एका साहेबांसाठी,” मी म्हणालो. सगळीकडे हेच सांगितलं. तुला पदोन्नती दिली, राग मानू नकोस.

तिसरा बंगला अनंताचा. तुझ्याच वर्गातला अनंता, जो मराठीत नापास होऊन गणितात पहिला यायचा. बंगला खरोखर चांगला आहे. धबधबा दिसतो, ऐकू येतो, पण अंगावर येत नाही. कमोड दोन, दोन्ही कार्यरत (परीक्षण केलं; तपशील देत नाही). विजेची पर्यायी सोय आहे, कुणालीसाठी झोपाळा आहे. मी मनात होकार देऊन जेवणाची चौकशी केली. अनंता म्हणाला, “गावातल्या बाया करून देतात, गट हाय त्यांचा. चव बघूनच जा.” येथेच माझी बुद्धी भ्रष्ट झाली. गटाची प्रमुख कोण, हे मी विचारलं नाही. फुकट जेवणापुढे माझी चौकस वृत्ती नेहमीच माघार घेते.

डबा मागच्या दाराने आला. (बाया मागच्या दारानेच येतात आणि जातात. पाहुण्यांना घरची चव हवी असते; घरची माणसं सोबत आली तर गर्दी वाटते, असं अनंताचं निरीक्षण आहे.) उघडला. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. आणि सगळ्यात वर, केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळलेली, तळहातापेक्षा लहान भाकरी, चानकी. पाहुण्यांबरोबर पोर आहे एवढंच अनंताने बायांना फोनवर सांगितलं होतं. भाड्याच्या बंगल्यातल्या अनोळखी पोरासाठी शेवटच्या पिठाची चानकी थापणारी बाई त्या पंचक्रोशीत एकच आहे. तिच्याच चानक्या खाऊन आधी मी वाढलो आणि नंतर तू. अनुमानाची गरजच उरली नाही, कारण मागच्या दारात ती उभी होती.

“कमळू? तू काय करतंस रे हितं?”

मी साहेबांची गोष्ट सांगितली. ताईने पदर खोचला आणि चौकशी सुरू केली. साहेबाला तिखट चालतं का? मध्यम, मी म्हणालो. बरोबर म्हातारी माणसं हायत? दोन आहेत. त्यांना भाकरी चावंल का भात मऊ करू? भात मऊ कर. पोरगी केवढी? पहिलीत. दात पडलंत? मी म्हणालो, पुढचे. “मंग चानकी दुधात भिजवून देयाला लागंल,” ती म्हणाली आणि एव्हाना मी रिकामा केलेला डबा माझ्या हातून घेऊन, नीट पुसून, पिशवीत ठेवू लागली. मी इतकी वर्षं मुलांना सत्य बोलावं म्हणून शिकवतो. त्या दारात उभं राहून मी एकही वाक्य पूर्ण खोटं बोललो नाही आणि एकही खरं बोललो नाही. ताईच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मला वाटलं, निभावलं.

तर माझा अहवाल असा: अनंताचा बंगला सर्व दृष्टींनी योग्य आहे. नेहाच्या आईवडिलांना नमस्कार सांग. पित्तावर कोकम घ्यायचं, गोळ्या नव्हेत, हे नेहाला माझ्या नावावर सांग. तुझ्या नावावर ती ऐकणार नाही.

तुझा,
कमळाकरमामा

ता.क. पिशवी उचलून निघताना ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, “आनि साहेबाला सांग, वांगं घालनार नाय मी कशात. लहानपनापासून अंगावर गांधी उठतात त्याच्या.” मग मागच्या दाराने गेली. मी काय म्हणून थांबवणार होतो?

ता.क. २. परत येताना तुमच्या घरी डोकावलो. न्हाणीशेजारी पडवीत नवी खोली निघाली आहे. गणपतीत तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी ताईने गवंडी बोलावला होता. आत पांढराशुभ्र कमोड आहे. त्यावर धुतलेलं लुगडं झाकलं आहे आणि कोणी वापरू नये म्हणून वर सुपारीची टोपली ठेवली आहे. पाणी येतं, मी पाहिलं. ताईला विचारलं, कळवलं का नाहीस? तर म्हणाली, असल्या गोष्टी काय कोन कळवतं?

ता.क. ३. अनंताला मी अजून होकार दिलेला नाही. तो तुझ्या फोनची वाट पाहतो आहे. ताई पाहत नाही. हे तिने मला आपणहून दोनदा सांगितलं.