सिकमोरखालचे कंद

बाबा, तुमचे कंद मी उपटून टाकले. आधी हेच सांगते, नाहीतर बाकीचं सांगता सांगता राहून जाईल. मागच्या अंगणातल्या सिकमोरच्या झाडाखालची डॅफोडिल्स, ब्लूबेल्स, स्नोड्रॉप्स, काही म्हणता काही ठेवलं नाही. दोन रविवार खणत होते. बागेच्या कचऱ्याचा कौन्सिलचा ब्राउन बिन दोनदा भरला.

लीड्सच्या या घराला मागे ऊन नाही म्हणून आई कुरकुरायची. तुम्ही आधी कोथिंबीर लावून पाहिलीत, मग झेंडू. दोन्ही सडले. मग एका फेब्रुवारीत शेजारच्या म्हातारीने वर्तमानपत्रात गुंडाळून स्नोड्रॉपचा गड्डा दिला, हिरव्या पानांसकट, आणि आजच लावा म्हणाली. लॅबमधून आलात तसे, टाय न काढता, तुम्ही मातीत बसलात. झाडाला पानं फुटून सावली पडायच्या आत या फुलांना सगळं उरकायचं असतं, हे तुम्हाला इतकं आवडलं की पुढे दर ऑक्टोबरला तुम्ही गुडघे टेकून नवे कंद पुरत राहिलात. मी अकरा वर्षांची असताना, फुलं गेल्यावर लोळणारी पानं बरी दिसत नाहीत म्हणून कात्रीने छाटली. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, त्या दिवशी चढवलात. "फूल गेलं म्हणून पानांचं काम संपत नाही. पुढच्या वर्षाची बेगमी करताहेत ती. हात लावू नकोस." त्यानंतर मे महिन्यात तिथे कुणी हात लावला नाही.

या मे महिन्यात आईने लावला. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तिला डिमेन्शिया होऊन चार. ती मला कधी ताई म्हणते, कधी नर्स. दुपारी केअरर येऊन जाते, नंतर मी येईपर्यंत दोन तास ती एकटी असते. त्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर ती कार्डिगनच्या बाह्या सरसावून गॅसपाशी उभी. "आलीस? बस, गरम आहे तोवर. पातीची भाजी केलीय, पीठ पेरून." चार वर्षांत तिने मला वाढलं नव्हतं. मी दोन घास खाल्ले. कडूजहर. "आई, पात कुठून आणलीस गं?"

"अगं, मागे केवढी माजलीय! ह्यांनीच लावलीय ना?"

तोवर तिची वाटी रिकामी झाली होती. पाऊण तासात ती उलट्यांनी पार गळून गेली. अँब्युलन्समध्ये पॅरामेडिकने विचारलं, काय खाल्लं, आणि तिने पात कापून ओट्यावर टाकलेले तुमचे डॅफोडिलचे विषारी कंद मला पिशवीतून काढून त्याला दाखवावे लागले. चार दिवस सलाइन. ती वाचली, पण सोशल वर्कर म्हणाली, घरी त्या सेफ नाहीत, आणि मी सही केली. शेवटच्या आजारात तुम्ही म्हणाला होतात, "हिला परक्यांच्या हाती देऊ नकोस." बाबा, मी दिलं. केअर होममध्ये ती ताट सरकवून देते. माझा हात धरून विचारते, "हे न्यायला कधी येणारेत?" मी म्हणते, येतील हं. पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसते आणि चावी फिरवण्याचंही बळ उरत नाही. घरी आणू म्हटलं तर नोकरी सोडावी लागेल, नोकरी सोडली तर घर जाईल. कुणाला विचारू? कंद उपटून काय होणार होतं, ती तर आता इथे नाहीच. तरी मी खणत राहिले. दुसरं काही हातात नव्हतं.

हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून एक लिहिते. सोशल वर्करला सांगितलेलं नाही. दार उघडलं तेव्हा फोडणीचा वास आला, आणि मी कोट न काढता तशीच थांबले. या घरात भाजी मीच आणते. त्या आठवड्यात पात आणली नव्हती, हे मला माहीत होतं. पण पातीची भाजी म्हणत चार वर्षांनी तिने ताट पुढे केलं, आणि मी काही न विचारता हात धुऊन जेवायला बसले.