श्वासपटल

प्रिय चिमणे,

फोनवर आपलं बोलणं धड होत नाही. तू रडतेस आणि मी घसा खाकरत बसतो. म्हणून लिहितोय.

तुझ्या आईचं बोलणं गेल्या महिन्यात पूर्ण थांबलं. हात तर कधीचेच पडून आहेत. मी एकेक अक्षर म्हणत जातो, हवं ते आलं की ती पापणी मिटते. एक वाक्य जुळेपर्यंत चहा गार होतो, पण वाक्य मात्र शाळेतल्यासारखं, व्याकरणाला धरून. परवा उशी सरकवताना माझ्या हातून पेला सांडला, तर तिने नुसतं 'वेंधळा' एवढंच जुळवलं. मी हसलो. ती आता डोळ्यांनीच हसते.

मी शिंपी माणूस. छाती, कंबर, बाही यापलीकडे शरीर मला ठाऊक नव्हतं. वर्गात शिकवताना तिच्या हातून खडू गळायला लागला आणि आजाराचं नाव कळलं, तेव्हा डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. घरी येऊन तिने मला समोर बसवलं. म्हणाली, "स्नायू आपणहून हलत नाहीत. मेंदूचा निरोप मज्जातंतूंतून आला की हलतात. माझे ते निरोप पोचवणारे तंतूच मरतायत." मी घाबरून हृदयाचं विचारलं. "ते कुणाच्या निरोपाची वाट बघत नाही, आपल्या तालावर चालतं. मला दिसेल, ऐकू येईल, सगळं कळेल," म्हणाली. मला जरा हायसं वाटलं. मग तिने माझा हात धरून बरगड्यांखाली ठेवला. "इथे श्वासपटल आहे, घुमटासारखा स्नायू. तो खाली ओढला गेला की छातीत हवा शिरते. फुप्फुसं बिचारी स्वतः काही ओढत नाहीत. आणि हा स्नायू निरोपावर चालतो."

आता तो स्नायू दमलाय. आडवं केलं की तिचा जीव घुसमटतो, म्हणून उशांना टेकवून बसवतो. सकाळी तिचं डोकं ठणकत असतं. वापरलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, असं डॉक्टर सांगतात.

गळ्याला छेद देऊन श्वासाचं मशीन लावा, असा तू हट्ट धरलास. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांसमोर मी तिला विचारलं. मी एकेक अक्षर म्हणत गेलो. मग जुळलं ते असं: "नको. पोरीला बोलाव." पापणी चुकून मिटली असेल म्हणून मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तेव्हा ये, बाळा, लवकर ये. तिच्याशी वाद घालू नकोस, नुसती शेजारी बस आणि बोल, ती सगळं ऐकते. तिने मन घट्ट केलंय. मला ते अजून जमत नाहीये. तिच्यासाठी तर येच, पण माझ्यासाठीही ये.

तुझी वाट बघणारा,
तुझाच,
बाबा